पुढे म्हणजे कुठे

त्या वर्षी धुकं आलं आणि घरजावयासारखं ठाण मांडून बसलं. सकाळी उठून दार उघडावं तर अंगण नाही, अंगणाचं कुंपण नाही, आणि कुंपणापलीकडचा ओढा तर नाहीच नाही. दुपारी ऊन जरा डोकावून जायचं, आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा सगळं पुसून टाकलेलं. दोर वळणाऱ्यांच्या घरात अशा हवेचं कौतुक कुणाला असणार? ज्या तंतूंचा दोर वळायचा तो वाख वाळत नव्हता. ओला वाख पीळ धरत नाही, आणि धरलाच तर दुसऱ्या दिवशी सोडून मोकळा होतो. घरातला म्हातारा रोज सकाळी पेंढीतली चिमूटभर बट ओढून ओठांना लावून बघायचा. "अजून रडतोय," म्हणायचा आणि परत ठेवायचा.

आणि नेमका ह्याच वर्षी तराफ्याचा दोर करायचा होता. नदीवरचा तराफा ह्या काठावरून त्या काठावर एका जाड दोराला धरून जायचा. जुना दोर कुजून तुटला, तेव्हापासून तराफा चिखलात पडून होता आणि सगळं गाव लांबच्या पुलावरून वळसा घालत होतं. वळसा घालणारा प्रत्येक माणूस दोरवाल्यांच्या नावाने खडे फोडत जायचा. तराफेवाल्याला तर काहीच काम उरलं नव्हतं. तो रोज येऊन चाकाजवळ उकिडवा बसायचा.

"झाला का?"

"होतोय," म्हाताऱ्याचा मुलगा, लहानग्या गुंडीचा बाप, म्हणायचा.

"कालही होत होता."

"काल धुकं होतं."

"आणि आज काय आहे?"

"आजही धुकं आहे. म्हणून तर होतोय म्हणतोय, झाला कुठे म्हणतोय?"

तराफेवाला मान हलवायचा आणि बसून राहायचा. घरी जाऊन तरी तो काय करणार होता?

घराच्या मागच्या अंगाला दोराची वाट होती. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला ओढ्याचा काठ, आणि मधे पायांनी घोटून घोटून गुळगुळीत झालेली सरळ, लांबलचक पट्टी. गुंडीचा बाप चाक फिरवायचा. गुंडीची आई विंचरलेल्या वाखाचा गुंडाळा कमरेला बांधायची, त्यातली एक बट चाकाच्या आकड्यात अडकवायची आणि उलट्या पावलांनी चालायला लागायची. आकडा गरगरत राही, तिच्या बोटांतून वाख सुटत जाई आणि डोळ्यांदेखत त्याची सुतळी होई. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी ती पाठीवर आपटली होती. आता तिच्या टाचांना डोळे फुटले होते.

धुक्यात हे चालणं तिला झोपेतल्या चालण्यासारखं वाटायचं. आधी चाक फिकट व्हायचं, मग नवऱ्याचा दंड, मग घराचं छप्पर. शेवटी उरायची ती हातातून निघून पांढऱ्यात शिरणारी सुतळी आणि कुठून तरी लांबून येणारी चाकाची घुमघुम. आपण चालतच नाही, जगच आपल्यापासून हळूहळू दूर निघालंय, असं तिला वाटे. वाखाचा भुगा हवेत तरंगत राही, पापण्यांवर बसे. अशा वेळी तिला माहेरची माणसं दिसत, अर्धवट आठवणाऱ्या शाळेतल्या कविता ऐकू येत, आणि त्यातली विसरलेली ओळ आता आठवेल, आता आठवेल असं वाटत राही. तिला हे फार आवडायचं. पोटासाठी करायच्या कामात एवढं सुख फुकट मिळत असेल तर ते सोडणार कोण?

आता ह्या घराची एक गंमत होती. दोराच्या वाटेवर माणसाचं तोंड कायम चाकाकडे आणि चाल पाठीकडे. त्यामुळे ह्या घरात 'पुढे' म्हणजे पाठीकडे, चाकापासून लांब. पीळ भरत गेला की सुतळी आखडते आणि चालणाऱ्याला चाकाकडे ओढायला लागते, तेव्हा चाकाकडे येणं म्हणजे 'मागे'. म्हाताऱ्याच्या आजापासून असंच चालत आलेलं. बाप "पुढे!" ओरडला की आई पाठीकडे सरकायची, "मागे!" ओरडला की चाकाकडे यायची. धुक्यात डोळ्यांचा काही उपयोग उरला नाही, तेव्हा तर सगळा कारभार ह्या दोन शब्दांवर आला होता.

हे शब्द पोचवायचं काम गुंडीने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. गुंडी चार वर्षांची. गोल तोंडाची, घट्ट, सदऱ्याच्या बटणासारखी, म्हणून म्हाताऱ्याने ते नाव पाडलेलं. ती वाटेच्या मध्यावर उभी राहायची, बापाचा शब्द ऐकायची आणि आईकडे वळून त्याच्या दुप्पट आवाजात फेकायची. कुणी न सांगता दिवसभर उभी असायची. मधेच गोगलगाय सापडली की तिच्याशी बोलायची, पण हाक आली की चुकायची नाही.

एकदा मात्र ती चाकाशी गेली आणि फ्रॉकचा घेर आकड्यात अडकला. बापाने छाती आडवी घालून चाक थांबवलं. फ्रॉक टराटरा फाटला, पोरीला ओरखडाही आला नाही, पण आईने कमरेचा वाख तिथेच सोडून तिला उचललं. "हिला शाळेत घालायची," तिने त्याच दिवशी जाहीर केलं.

बाजाराच्या गावात लहान मुलांच्या दोन शाळा होत्या. दोन्हींना चांगली लांबलचक नावं होती, पण लोक आपले पाटीची शाळा आणि मातीची शाळा म्हणायचे. पाटीच्या शाळेत मुलं ओळीत बसत, अक्षरं गिरवत, शंभरपर्यंत म्हणून दाखवत. मातीच्या शाळेत मुलं खेळत. म्हणजे नुसतीच खेळत.

"पाटीच्याच," गुंडीची आई म्हणाली.

"चार वर्षांचं पोर," बाप म्हणाला. "त्याला काय घाण्याला जुंपायचंय? मातीच्या शाळेत घाल. जरा बागडेल."

"बागडायला शाळा कशाला लागते? ते तर इथे दिवसभर चाललंय."

"मग इथेच राहू दे."

"आणि पुन्हा आकड्यात गेली म्हणजे?"

म्हातारा वाख विंचरत होता. तो म्हणाला, "सूनबाई, मी तर कुठल्याच शाळेत गेलो नाही. माझं काय अडलं?"

"तुमचं नाही अडलं, मामंजी. माझं अडतं."

आणि खरंच अडायचं. ती तिसरीपर्यंत शिकली होती. औषधाच्या दुकानात बाटलीवरचं नाव वाचताना तिचं बोट अक्षरांखालून सरकायचं आणि ओठ हलायचे. एकदा मागे उभ्या असलेल्या शाळकरी पोरीने तिचा अर्धा राहिलेला शब्द मोठ्याने पुरा करून दिला होता. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. दुकानदारही नुसता हसला होता. पण तो शब्द आजही तिच्या घशात अडकून होता. शहरातल्या जावेचा मुलगा चौथ्या वर्षी फलक वाचत रस्त्याने जायचा, आणि जाऊ म्हणायची, "आम्ही काही केलं नाही हो, त्याचं त्यालाच येतं!" आपल्या पोरीचा शब्द दुसऱ्या कुणी कधी पुरा करू नये, एवढंच गुंडीच्या आईला हवं होतं. ह्यापेक्षा मोठं काही तिने देवाजवळही मागितलं नव्हतं.

पाटीच्या शाळेत ती गुंडीला घेऊन गेली ती केसांना तेल चोपडून, नव्या फ्रॉकमध्ये. मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. चष्मा, पांढरीशुभ्र साडी, बोलणं गोड. जमिनीवर भिंतीशी मुलं रांगेत बसली होती.

"ये बाळ, पुढे ये," बाई म्हणाल्या.

गुंडीने बाईंकडे नीट बघितलं, आणि त्यांच्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी निघाली. दारातून बाहेर गेली. व्हरांड्यात शिपायाची पुसायची बादली होती, तिच्यात तिचा पाय गेला, तरी ती थांबली नाही. बादली घेऊन खडखडत पुढे, म्हणजे तिच्या पुढे, गेली.

रांगेतली सगळी मुलं हसली. शिपाई हसला. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते चष्मा पुसून झाकलं. गुंडीच्या आईचे कान तापले. तिने पोरीचा पाय बादलीतून काढला आणि तिला पुन्हा टेबलासमोर आणून उभी केली.

"अंक येतात का?"

"येतात," आई घाईने म्हणाली. "म्हण गं."

"एक, दोन, तीन," गुंडी म्हणाली आणि थांबली.

"तीननंतर?"

"दोर."

"काय?"

"एक पेड, दोन पेड, तीन पेड, दोर!" गुंडीने समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही ठाऊक नाही ह्याचं तिला नवल वाटलेलं दिसत होतं. तिच्या घरी तीन पेड एकत्र पिळले की दोर होत असे, आणि दोर झाला की मोजायचं काम संपत असे.

पोरं पुन्हा हसली. बाईंनी त्यांना एका नजरेने गप्प केलं. मग आईकडे वळून म्हणाल्या, "मुलगी चुणचुणीत आहे. घेईन मी तिला. पण हे घरचं वळण आधी काढा. नवा वर्ग भरेपर्यंत तयारी करून घ्या. पुढे म्हणजे पुढे, मागे म्हणजे मागे, आणि तीननंतर चार. नाहीतर तिचंच हसं होईल हो."

बाईंचं काही चुकलं होतं असं नाही. गुंडीच्या आईला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्या संध्याकाळपासून घराची शाळा झाली. आई अंगणात गुंडीला उभी करायची.

"पुढे म्हणजे?"

"नाकाकडे."

"मागे म्हणजे?"

"पाठीकडे."

"तीननंतर?"

गुंडी ओठ दाबून धरायची. 'दोर' तिच्या जिभेच्या टोकावर बसलेला असायचा. मग म्हणायची, "चार."

"शाब्बास!"

आईने नवऱ्याला आणि सासऱ्यालाही सोडलं नाही. पोरीसमोर उलटं बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. म्हातारा हसायचा आणि मुद्दाम जेवताना ताट नाकाकडे सरकवून विचारायचा, "सूनबाई, हे पुढे गेलं का मागे?" नवऱ्याचा मात्र गोंधळ उडायचा. चाकावरून तो सवयीने "पुढे!" ओरडायचा, मग जीभ चावून "नाही, मागे!" म्हणायचा, आणि धुक्याच्या पलीकडे त्याची बायको जागच्या जागी उभी राहायची. दोनदा सुतळीला गाठ पडली. शेवटी ठरलं, वाटेवर बापाने काय ओरडायचं ते ओरडावं. आईपर्यंत पोचवताना गुंडीने ते शाळेचं करून सांगावं. पोरीचा सरावही होईल. हा तोडगा आईनेच काढला होता आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता.

गुंडी शिकली. चार वर्षांचं पोर काय शिकत नाही? बाप "पुढे" म्हणाला की मधे उभी राहून क्षणभर डोळे मिटायची आणि "मागे!" ओरडायची. पण गोगलगायींशी बोलणं बंद झालं. ती मधल्या जागी ताठ उभी असायची, कपाळाला बारीक आठी घालून, आणि आईला वाटायचं, वा, अभ्यासाचं वळण लागतंय.

मधे एक दिवस मातीच्या शाळेत जायचा प्रसंग आला. त्यांनी झोक्यासाठी दोर सांगितला होता, तो नेऊन द्यायचा होता. आईने गुंडीला बरोबर घेतलं, पण फाटकातूनच परतायचं असं मनाशी ठरवून. आत झाडांखाली धुकं होतं आणि धुक्यात पोरं होती. कुणी चिखलाची घरं करत होतं. एक मुलगी डोक्यावर डबा घेऊन नुसतीच चालत होती, कुठे ते तिलाही माहीत नसावं. कुठे हसू उमटायचं, ते कुणाचं ते दिसायचं नाही. एक मुलगा झाडाला कान लावून उभा होता आणि त्याला कुणी हटकत नव्हतं. बघता बघता गुंडीच्या आईचे डोळे जड झाले. दोराच्या वाटेवर तिला जसं व्हायचं तसंच झालं, आणि ती स्वतःवरच रागावली.

शाळा चालवणारी ताई हाताचा चिखल झटकत आली. गुंडीच्या आईच्याच वयाची असेल.

"इथे अक्षरं कधी शिकवता?" दोर देता देता गुंडीच्या आईने विचारलं.

"मागतात तेव्हा."

"आणि नाही मागितली तर?"

"बहुतेक मागतात."

"मोठ्या शाळेत गेली की मागे पडत नाहीत?"

ताईने बोटांत राहिलेला चिखल पुसला. मग म्हणाली, "काही पडतात. पुष्कळशी नंतर गाठतात. एखादं नाही गाठत. खोटं कशाला सांगू?"

गुंडीच्या आईला ह्या खरेपणाचा संतापच आला. दुकानदारसुद्धा फडकं टिकेल म्हणून शब्द देतो, आणि ही पोरांच्या जन्माचा शब्द द्यायला तयार नाही! तिने गुंडीचा हात ओढला. गुंडी झाडाला कान लावलेल्या मुलाकडे बघत होती. वाटेत तिने विचारलं, "आई, त्या शाळेत पुढे कुठे असतं?"

"कुठेच नसतं," आई म्हणाली.

तराफ्याच्या दोराचा शेवटचा पेड राहिला. दोन झाले होते, तिसरा झाला की तिन्ही एकत्र पिळायचे आणि सुटायचं. वाख बऱ्यापैकी वाळला होता, पण धुकं त्या दिवशी इतकं दाट होतं की आईला स्वतःची पावलं दिसत नव्हती. आदल्या रात्रीत ओढ्याने वाटेच्या टोकाचा काठ खाल्ला होता. मोठी ढेप ढासळून खाली गेली होती. हे घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गुंडीने थोड्या वेळापूर्वी, बऱ्याच दिवसांनी गोगलगाय शोधायला गेली असताना, ते भगदाड बघितलं होतं, आणि लहान मुलं जसं मनात ठेवतात तसं मनात ठेवून दिलं होतं.

आई चालत होती. चाक गेलं, नवरा गेला, छप्पर गेलं. मधे उभी असलेली गुंडीही फिकट होत होत गेली. सुतळी बोटांतून छान, सारखी सुटत होती. आईला फार हलकं वाटत होतं. गुंडी मोठी झाल्याचं, पांढऱ्या साडीत एका टेबलामागे बसल्याचं तिला दिसत होतं. समोर लोक उभे होते आणि गुंडी काहीतरी मोठ्याने वाचून दाखवत होती, न अडखळता, आणि तिचा शब्द पुरा करायची कुणाची हिंमत होत नव्हती.

"आई, मागे!" धुक्यातून आवाज आला. "मागे! मागे!"

शिकली माझी बाई, आईच्या मनात आलं. बाप 'पुढे' म्हणाला असणार आणि हिने किती सफाईने फिरवून सांगितलं! 'मागे' म्हणजे पाठीकडे. तिने मोठी मोठी पावलं पाठीकडे टाकली.

"आई, मागे!" आवाज रडवेला झाला होता.

"हो गं, चाललेय!" आई हसून म्हणाली, आणि तिच्या टाचेखालची जमीन नाहीशी झाली.

फार खोल नव्हतं. चिखलात पडली म्हणून वाचली. पण घोटा पायाखाली मुडपला आणि कमरेचा वाख, हातातला पेड, सगळं ओढ्याच्या पाण्यात गेलं. चाक थांबल्याचं तिला ऐकू आलं. नवरा धावत आला, तराफेवाला धावत आला, म्हातारा त्याच्या चालीने आला. दोघांनी धरून तिला वर काढलं. ती वेदनेने कण्हत होती आणि नवरा विचारत होता, "एवढ्या लांब गेलीस कशाला? मी कुठे काही ओरडलो होतो?"

"नव्हता ओरडलात?"

"छे! पीळ छान बसत होता. मी गप्प होतो."

तेव्हा तिने मान वळवली. गुंडी थोड्या अंतरावर उभी होती. दोन्ही हातांनी फ्रॉक मुठीत धरलेला, तोंड पांढरंफटक. तिने बापाचा निरोप आणलाच नव्हता. ते तिचं स्वतःचं ओरडणं होतं. ते भगदाड आठवून जीव घाबरल्यावर तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला होता, चाकाकडे ये म्हणून, आणि आईने तो शाळेचा समजून घेतला होता.

"मी चुकले का?" गुंडीने विचारलं.

"नाही गं बाळा. तू बरोबर बोललीस. मीच चुकीचं ऐकलं."

"पण मागे म्हणजे पाठीकडे."

"हो, पण..."

"मी सांगितलं म्हणून तू पडलीस."

आईने चिखलाने भरलेले हात तिच्याकडे पसरले.

घोटा भोपळ्याएवढा सुजला. म्हाताऱ्याने फडकी बांधली आणि तिला ओटीवर, वाखाच्या ढिगाशी, बसवून ठेवलं. वाटेवर चालायला माणूस उरला नाही. शेवटी तराफेवालाच उठला. गरज त्याचीच मोठी होती. कमरेला वाख बांधून तो ऐटीत उभा राहिला. बाप "पुढे!" ओरडला आणि तराफेवाला तरातरा चालत चाकाशी येऊन उभा राहिला. सुतळी जमिनीवर लोळली.

"अरे, पुढे म्हणालो!"

"मग आलो ना पुढे!"

"आता ह्यालाही कुठल्यातरी शाळेत घाला," म्हातारा म्हणाला. बाप हसला, घोटा ठणकत असताना आईसुद्धा हसली. एरवी गुंडी लोळण घेऊन हसली असती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आई, मी येऊ?"

"ये की."

"कुठे?"

"इथे. माझ्याजवळ."

"कुठून येऊ?"

आईचं हसू विरलं. पोरगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मधे ना भिंत ना पायरी.

त्या दिवसापासून हेच सुरू झालं. उठू का? कुठे जाऊ? ह्या बाजूने की त्या बाजूने? पाणी प्यायला माठाशी जातानासुद्धा ती आधी विचारायची, आणि सांगितलं की एक पाऊल टाकून पुन्हा वळून बघायची. वाटेच्या मध्यावर ती पुन्हा गेली नाही. आजोबांनी गोगलगाय आणून तळहातावर ठेवली, तर म्हणाली, "हिला कुठे जायचं ते सांगा." म्हाताऱ्याने गोगलगाय परत गवतात सोडली.

गुंडीची आई दिवसभर ओटीवर बसून वाख विंचरायची. वाखाची दातेरी फणी फिरत राही, भुगा उडत राही, धुकं अंगणात येऊन बसे आणि उठून जाई. पण आता तिला कुणी माहेरचं दिसत नव्हतं, कविता ऐकू येत नव्हत्या. तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकू यायचा: पुढे म्हणजे? मागे म्हणजे? आपल्या घशात अडकलेला शब्द आपण उचलून पोरीच्या घशात ठेवला, असं तिला वाटलं आणि ती रडली. वाख डोळ्यांत गेला, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यालाही ते खरं वाटलं नाही, पण त्याने पाणी आणून दिलं.

तराफेवाला उलट्या पावलांनी चालायला शिकला, दोर पुरा झाला, तराफा पाण्यात गेला, आणि चालता येऊ लागल्यावर ती एकटीच, काठी टेकत, पाटीच्या शाळेत गेली.

"तयारी झाली का?" बाईंनी विचारलं.

"झाली. सगळं बरोबर सांगते आता."

"मग?"

"नाही पाठवत, बाई."

बाईंनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षी जागा असेल असं नाही. मी तिला चांगलं शिकवलं असतं हो."

"शिकवलं असतंत. ठाऊक आहे मला," गुंडीची आई म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. भिंतीशी रांगेतली मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती. चांगलं म्हणत होती, एकही अडखळत नव्हतं. ती दाराबाहेर थोडा वेळ ऐकत उभी राहिली. आपण काय सोडून चाललो आहोत हे तिला पुरतं कळत होतं. उद्या जाऊ काय म्हणेल तेही कळत होतं. घरी येईपर्यंत तिचा जीव दोनदा मागे फिरला.

मातीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी गुंडीने आईचं बोट सोडलं नाही. "जाऊ?" "जा." "कुठे?" आई बोटाने दाखवायची, ते चिखलाचं घर, तो झोका. गुंडी त्या दिशेने बघायची आणि तिथेच उभी राहायची. ताई आली, तिने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, नुसती बाजूला बसून चिखल मळत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतरही तसंच. बाकीच्या आया पोरं सोडून निघून जायच्या, गुंडीची आई काठी घेऊन फाटकाच्या आत उभी असायची. चाकावर नवरा एकटा खोळंबून होता. "इथे कुठे जाऊ?" गुंडी विचारायची आणि आई सांगायची. आपण सांगतो म्हणून ती जात नाही, हे आईला कळत होतं. पण न सांगण्याची तिची छाती होत नव्हती. गप्प राहिलो आणि पोर तिथेच कायमची उभी राहिली तर?

मग एका सकाळी धुकं नेहमीसारखंच होतं. झाडांपलीकडे कुठे तरी एक डबा पडला, गडगडत गेला, आणि कोण कोण हसलं. गुंडीने मान उचलली. आईला ठाऊक होतं आता काय येणार. तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं: तिकडे, त्या झाडाच्या डाव्या अंगाने, जपून. सांगायला तोंडही उघडलं.

गुंडीच्या हातून तिचं बोट सुटलं होतं. धुक्यात फ्रॉकची एक कड दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. गुंडीने काहीच विचारलं नव्हतं. आई तशीच, उत्तर तोंडात धरून, उभी राहिली.